बेरीज नऊ

मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. गाडी झाली का? खर्च किती आला? आणि एवढ्या पैशांत नवीन आली नसती का? हातात प्रसादाची वाटी धरून यांची उत्तरं देता येत नाहीत. यंदा संपादकांनी चार पानं दिली आहेत, तर सविस्तर सांगते.

गाडी म्हणजे एमजीबी. १९६६ सालची, दोन माणसांची, कापडी टपाची. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधल्या एका गॅरेजातून सुरू झालेला हा उद्योग पुढे जवळच्याच ॲबिंग्डनला गेला आणि १९६२ ते १९८० या काळात तिथे पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. आज पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर एमजीच्या ज्या गाड्या दिसतात, त्यांचं हिच्याशी नातं केवळ आडनावाचं. आणि ही काही फेरारी नव्हे. बेताच्या पगाराच्या माणसाला परवडावी म्हणून बनवलेली स्पोर्ट्स कार. ९५ अश्वशक्ती, जेमतेम शंभर मैलांच्या वर वेग. किंमत आवाक्यात राहावी म्हणून तिचे बरेचसे भाग त्याच कंपनीच्या साध्या घरगुती गाड्यांमधून उचललेले. मला ती हवीशी वाटली ती नेमकी याच कारणामुळे.

माझ्या मामाचं कोल्हापूरला उद्यमनगरात गॅरेज होतं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सांगलीहून मामाकडे जायचो. बाकीची भावंडं रंकाळ्यावर नाहीतर आंब्याच्या अढीपाशी, मी गॅरेजात. मामाकडे मुख्यतः ॲम्बॅसेडर यायच्या. सरकारी, टॅक्सीच्या, साखर कारखान्यांच्या. ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, आणि तिचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन म्हणजे इथल्या बीएमसी कंपनीचं ‘बी सिरीज’. एमजीबीत त्याच घराण्यातलं १७९८ सीसीचं इंजिन आहे. सिलिंडर रुंद केलेला, पण पिस्टनचा वर-खाली फेरा दोन्हींत अगदी सारखा, ८८.९ मिलिमीटर. कॉव्हेंट्रीजवळच्या एका जत्रेत पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलेलं पाहिलं, तेव्हा मला या देशात येऊन दोन वर्षं झाली होती. आजूबाजूचे लोक क्रोमची चमक बघत होते आणि मी आत वाकून म्हणत होते, अगंबाई, हे तर मामाचं इंजिन!

त्यानंतर घर, नोकरी, लेकीची शाळा यांत पंचवीस वर्षं गेली. २०२१च्या शरद ऋतूत शेजारच्या गावातल्या एका बाईंनी गाडी विकायला काढल्याचं कळलं. नवऱ्याला जाऊन वर्ष झालं होतं. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली. ताडपत्री काढली आणि आमच्या घरच्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी अजून विसरलेले नाही.

गाडी भडक लाल. चारही चाकांवर फायबरग्लासचे फुगीर मडगार्ड, मूळचा पत्रा कापून रिव्हेट मारून आणि चिकटवून बसवलेले. बॉनेटही फायबरग्लासचं, मध्ये नाकपुडीसारखा उंचवटा. मागचे पाटे खाली ठोकळे घालून उतरवलेले, त्यामुळे गाडी जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी. आऱ्यांची चाकं जाऊन त्या जागी रुंद अलॉयची. दोन एसयू कार्बोरेटर जाऊन एकच मोठा वेबर. डॅशबोर्डच्या काळ्या पत्र्याला भोकं पाडून चार जादा मीटर. सीटमागे लोखंडी कमान. १९८०च्या दशकात असं सर्रास चालायचं. ॲबिंग्डनचा कारखाना १९८० साली बंद झाला होता, जुन्या एमजीबी स्वस्तात मिळायच्या आणि हौशी तरुण त्यांच्या शर्यतीच्या गाड्या करायचे. तेव्हा ती कुणाला वारसा वगैरे वाटत नव्हती. जुनी गाडी होती, एवढंच.

बाई म्हणाल्या, “त्याचे सगळे शनिवार या गाडीत गेले.” त्यात तक्रार होती की कौतुक, मला कळलं नाही. पैसे घेताना त्यांनी एकच विचारलं: “तुम्ही हिचं काय करणार?” मी म्हटलं, “जमेल तेवढी पहिल्यासारखी करणार.” त्यांनी मान डोलावली आणि किल्ली दिली. घरी येताना मात्र माझ्या मनात ते घोळत राहिलं. एका माणसाचे कित्येक वर्षांचे शनिवार मी पाना घेऊन उघडायला निघाले होते.

पहिलं काम कागदाचं. वॉरिकशरमधल्या गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या तिथे जपल्या आहेत. गाडीचा क्रमांक आणि फी दिली की त्या वहीतून काढलेला दाखला मिळतो: गाडी कधी बनली, कुठे पाठवली, रंग कोणता, इंजिनाचा क्रमांक काय, जादा वस्तू कोणत्या. आपल्याकडे जन्मपत्रिका असते तसाच. आमच्या दाखल्यात होतं: रंग आयरिस ब्लू, आऱ्यांची चाकं, हीटर. हीटर ‘जादा वस्तू’त, कारण त्या काळी इंग्लंडातसुद्धा तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागे! मग कंदील घेऊन मी इंजिनाच्या ब्लॉकवरची छोटी पाटी शोधली. ग्रीस आणि काजळी खरवडल्यावर ‘१८जीबी’ ही अक्षरं दिसली, आणि पुढचा क्रमांक दाखल्याशी जुळला. वेबर आला, मडगार्ड फुगले, रंग बदलला, पण इंजिन जन्माचंच होतं. डिक्कीच्या अस्तरामागे बोटभर जागेत फिका निळा रंगही सापडला.

मी खुशीत होते, तर लेकीने जेवणाच्या टेबलावर खोडा घातला. ती तेव्हा विद्यापीठात इतिहास शिकत होती. “आई, ही गाडी वीस वर्षं निळी होती आणि पस्तीस वर्षं लाल. मग मूळ कोणती? कारखान्याने केलं ते खरं आणि त्या माणसाने केलं ते खोटं, असं कुणी ठरवलं?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तीच मुलगी लहानपणी मला विचारायची, “आपली खरी पुरणपोळी कुठली, तुझी की आजीची?” मी इथल्या कडधान्याच्या डब्यातली डाळ आणि इथलाच ब्राउन शुगर वापरून करायचे, आणि मुलं त्यालाच पुरणपोळी म्हणत मोठी झाली. मी काही दिवस काहीच केलं नाही. मग एका रविवारी आम्ही तिघांनी बसून तीन याद्या केल्या. पहिली: ज्याने गाडीला इजा झाली आहे ते, म्हणजे कापलेला पत्रा, रिव्हेट, गंज. हे काढायचंच. दुसरी: जे बोल्ट सोडून उलट फिरवता येतं ते. तेही काढायचं, पण एकही वस्तू फेकायची नाही. नाव लिहून खोक्यात ठेवायची. तिसरी: त्या माणसाच्या हातचं, ज्याने काहीच बिघडलं नाही ते. या यादीत सुरुवातीला काहीच नव्हतं. मग लेक गाडीत बसली आणि खाली वाकून म्हणाली, “हे काय आहे?” डावीकडच्या सीटपुढे एक ओकच्या लाकडाचा उतरता पाट होता, चार स्क्रूंनी बसवलेला, वर कारपेटचा तुकडा. एमजीबीत पाय ठेवायची जागा खूप खोल आहे. बुटक्या माणसाचे पाय टेकत नाहीत. त्या बाई माझ्यासारख्याच पाच फुटांच्या आतबाहेर. पाट तिसऱ्या यादीत गेला.

आता पत्र्याचं. एमजीबीला ॲम्बॅसेडरसारखंच वेगळं चेचिस नाही; बॉडी हाच सांगाडा. त्यातून वर टप नाही, म्हणजे सगळा भार दरवाजाखालच्या सिलवर. हे सिल एकात एक अशा पत्र्यांची लांब पेटी असते आणि पाणी आत साचून ती आतूनच कुजते. बाहेरून लांबी भरून, रंग मारून गुळगुळीत दिसते. गाडी जॅकवर उचलावी आणि दार उघडून पाहावं. फट कमी झाली, दार अडकायला लागलं, तर समजावं की कणा गेला. आमचं दार उचलल्यावर लागेचना.

पहिल्या पत्राकामवाल्याने गाडी सात महिने ठेवली आणि कुजलेल्या पेटीवरच नवा पत्रा डकवून परत दिली. ते सगळं काढावं लागलं. दुसरा मेस्त्री साठीचा, कमी बोलणारा. त्याने आधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड केली, म्हणजे सिल कापल्यावर गाडी मधोमध दुमडू नये. मग एका बाजूचं सिल कापलं, नवं बसवलं, दार लावून फट मोजली, आणि मगच दुसऱ्या बाजूला हात लावला. नशीब असं की या गाडीचे पत्रे आजही मिळतात. ऑक्सफर्डजवळ विटनीला ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची कंपनी जुन्या मूळ साच्यांवरच ते बनवते. पुढचे मडगार्ड बोल्टने बसतात, ते सोपं गेलं. मागचे वेल्डिंगचे, तिथे कापलेल्या कमानी जोडायला महिना लागला. बॉनेट जुन्या गाडीचं मिळालं, ॲल्युमिनियमचं, कारण १९६६ साली ते ॲल्युमिनियमचंच असे. एका हाताने उचलता येतं.

बाकीचं काम मी गॅरेजात केलं, शनिवार-रविवारी. आऱ्यांची पाच चाकं, प्रत्येकाला साठ आरे. तीनशे आरे पुसताना रामरक्षा किती वेळा होते याचा हिशेब आमच्या घरी आहे. एसयू कार्बोरेटर जुने घेतले आणि खोलून नवे केले. हे मोठं गमतीचं यंत्र आहे. आत एक पिस्टन हवेच्या ओढीने वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलच्या भोकातून वर सरकते, आणि जेवढी हवा तेवढंच पेट्रोल मिळतं. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, हे बघायला रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचं आणि दुसरं आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी धरायचं. दोन्हीकडचा फुसफुसाट सारखा झाला की जमलं. नवऱ्याने त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला: ‘डॉक्टर झाली नाही, तरी स्टेथोस्कोप आला.’

इंजिन जोडताना मामाला फोन लावला. मामा आता त्र्याऐंशीचा. गॅरेज केव्हाच बंद झालं, एका कानाने नीट ऐकू येत नाही, आणि मामी गेल्यापासून बोलणंही कमी झालंय. फोनवर “बरा आहे” याच्यापुढे गाडी जात नाही. मी म्हटलं, “मामा, टॅपेट सेट करायचेत. तुझं बी सिरीज.”

“किती ठेवणार?”

“पंधरा थाउ लिहिलंय.”

“पंधराच. थंड इंजिनावर. आणि बेरीज?”

“नऊ,” मी म्हटलं. माझ्या तोंडून ते आपोआप गेलं, चाळीस वर्षांनी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. या इंजिनाला आठ व्हॉल्व्ह. पुढून मागे एक ते आठ क्रमांक द्यायचे. एखाद्याचं टॅपेट सेट करायचं तर तो पूर्ण बंद हवा, आणि तो केव्हा बंद असतो हे ओळखायची युक्ती म्हणजे नऊची बेरीज. आठवा पूर्ण दाबला गेला की पहिला सेट करायचा. सातवा दाबला की दुसरा. सहावा दाबला की तिसरा. पुस्तक नको, खुणा नकोत. हा इंग्रजी मेकॅनिकांचाही नियम आहे, हे मला इथे येऊन कळलं. मी तो शिकले तेव्हा मला बेरजा येत होत्या, इंजिन येत नव्हतं, मामा “सात!” म्हणायचा आणि मी स्टुलावरून “दोन!” ओरडायचे. त्या दिवशी मामा फोनवर चाळीस मिनिटं बोलला. कुठल्या साहेबाची गाडी घाटात कशी बंद पडली, हेडचे नट मधून बाहेर कसे आवळायचे, सगळं. मामेभावाने नंतर मेसेज केला, “ताई, दर रविवारी फोन करत जा.” तेव्हापासून करते. गाडीत काही अडलेलं नसलं तरी काहीतरी विचारते.

गाडी शंभर टक्के मूळ नाही, हे सांगितलंच पाहिजे. इथे शिशाचं पेट्रोल २०००च्या सुरुवातीला बंद झालं. बिनशिशाच्या पेट्रोलने जुन्या हेडमधल्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात, म्हणून कठीण पोलादाच्या बसवल्या. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या. मूळची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची आणि डायनमोची होती. त्या माणसाने केलेला अल्टरनेटर आणि उलटा अर्थ मी तसाच ठेवला, कारण त्याचं काम माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. आजच्या पद्धतीचे पट्टे बसवले. चाळीस वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाडीला इथे एमओटी लागत नाही, तरी मी ती करवून घेतली. लेक शेजारी बसणार होती. हे सगळं बाहेरून दिसत नाही. पण १९६६ची गाडी आजच्या रस्त्यावर आजचं पेट्रोल पिऊन जगायची तर आतून थोडं बदलावंच लागतं. तीस वर्षं परदेशात काढलेल्यांना हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

रंग आयरिस ब्लूच दिला. गेल्या जूनमध्ये गाडी रस्त्यावर आली, आणि त्या आठवड्यात मी त्या बाईंना फोन केला. खरं तर मला धाकधूक होती. नवऱ्याच्या हातची एकही खूण वरून उरली नव्हती. आम्ही त्यांच्या दारात गाडी उभी केली. त्या बाहेर आल्या आणि बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. गाडीभोवती एक फेरी मारली. मग दार उघडून बसल्या, आणि त्यांचे पाय पाटावर टेकले.

“हा ठेवलात.”

“हो.”

त्यांनी बुटाच्या टोकाने कारपेटचा तुकडा चाचपला. मग म्हणाल्या, “आमच्या लग्नात ही निळी होती. चर्चमधून आम्ही हिच्यातूनच निघालो. पुढे त्याने लाल केली. मला लाल कधी आवडली नाही.” आणि जरा थांबून, “पण त्याला आवडायची ना.” मी त्यांना खोक्यांविषयी सांगितलं: वेबर, मीटर, चाकं, सगळं आहे, हवं तेव्हा न्या. त्यांनी फक्त छोटं लाकडी स्टेअरिंग मागून घेतलं. मग आम्ही दहा मैलांचा फेरा मारला. वाटेत एका वळणावर त्या म्हणाल्या, “इथे तो नेहमी जास्त जोरात घ्यायचा.” मी जोरात घेतलं नाही. त्याही पुढे काही बोलल्या नाहीत.

पाचशे मैल झाल्यावर नवे भाग एकमेकांत बसले आणि इंजिन थोडं टिकटिकायला लागलं. मामाला ऐकवावं म्हणून व्हिडिओ कॉल लावला, तर फोन गोंगाट समजून इंजिनाचाच आवाज गाळून टाकायचा. शेवटी रेकॉर्डिंग करून पाठवलं. मामेभावाने मामाच्या चांगल्या कानाला इअरफोन लावून दिला. दहा मिनिटांनी निरोप आला: “एक टॅपेट वाजतंय. कुठलं ते तू शोध. इंजिन झ्याक हाय.” रात्री इंजिन थंड झाल्यावर झाकण काढलं. लेकीने गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे ढकलायची आणि मी व्हॉल्व्ह बघायचे, अशी वाटणी. ढिलं निघालं ते तिसऱ्याचं. मी तिला सांगितलं, “सहावा दाबला गेला की थांब म्हणीन.” तिने विचारलं, “सहावाच का?” म्हणून तिलाही बेरीज शिकवली.

तर खर्चाचं उत्तर: गाडीच्या आजच्या बाजारभावापेक्षा नक्की जास्त. पाउंडाचे रुपये करून बघू नका, दिवाळी आहे. पुढच्या मे महिन्यात मंडळाच्या सहलीला गाडी आणणार आहे. एका वेळी एकाच मुलाला बसवता येईल, उंचीची अट नाही, पाय टेकायची सोय आहे. स्वेटर मात्र आणा. हीटर आहे, पण तो १९६६चाच.